आतल्या आवाजाची अंधश्रद्धा

लेखन कार्यशाळांत, प्रेरणादायी भाषणांत आणि हल्ली आत्मकथनांच्या प्रस्तावनांतही एक मत इतक्या सहजपणे मांडलं जातं की त्याला कोणी पुरावा मागत नाही. मत असं: प्रत्येकाच्या आत त्याचा स्वतःचा, अस्सल आवाज असतो. घर, शाळा, वाचन, समाज यांनी त्यावर पुटं चढवलेली असतात. ती खरवडून काढली की आवाज मोकळा होतो. मग त्या आवाजात आपली गोष्ट, हातचं काही न राखता, चारचौघांना सांगितली की लेखन खरं ठरतं. ऐकायला हे गोड आहे आणि त्यामागचा हेतूही वाईट नाही. पण मराठीत ज्यांनी खरोखर स्वतःची गोष्ट सांगितली त्यांच्यापुढे हे मत नेऊन उभं केलं की ते गडबडू लागतं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, नाहीतर खंडन सोपं होतं आणि निरुपयोगीही. या विचाराची मुळं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या युरोपात आहेत. रूसोचं ‘कन्फेशन्स’ त्याच्या मृत्यूनंतर, १७८२ पासून छापलं जाऊ लागलं. निसर्गाने घडवलेला माणूस आपण जसाच्या तसा दाखवत आहोत, हा त्याचा दावा. पुढे स्वच्छंदतावादी कवींनी तो उचलून धरला. त्या कल्पनेचा प्रवास लायनेल ट्रिलिंग यांनी १९७२ साली ‘सिन्सिअरिटी अँड ऑथेंटिसिटी’ या पुस्तकात तपशिलाने सांगितला आहे. आपल्या कामापुरतं एवढंच की ज्याला आपण माणसाचा उपजत धर्म समजतो, ते जेमतेम अडीचशे वर्षांचं मत आहे. मराठी समीक्षेत त्याचा भारदस्त अवतार म्हणजे मर्ढेकरांची ‘आत्मनिष्ठा’. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये त्यांनी ती साहित्याच्या थोरवीची कसोटी म्हणून मांडली. १९७८ नंतर दलित आत्मकथनांची लाट आली आणि ‘अनुभवाचा अस्सलपणा’ हा शब्दप्रयोग परीक्षणकर्त्यांच्या तोंडी बसला.

या मताने काही चांगलं केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. खानदेशातून किंवा झाडीपट्टीतून आलेल्या मुलाच्या निबंधावर शाळा वर्षानुवर्षं लाल शाई ओतत आली. ‘तुझी भाषाच लिही’ असं त्याला कोणी प्रथम म्हटलं, तेव्हा त्याचं ओझं उतरलं. पण ओझं उतरवणं वेगळं आणि आवाज देणं वेगळं. त्या मुलाला त्याच्या गावची बोली मिळाली, म्हणजे आजीची, शेजाऱ्यांची, बाजाराची भाषा परत मिळाली. ती त्याच्या ‘आत’ कुठे होती? ती त्याच्याभोवती होती.

कार्यशाळेतला एक ठरलेला प्रयोग पाहा. डोळे मिटा, आत डोकवा, मग पाच मिनिटं न थांबता, न खोडता लिहा. जे उतरेल ते तुमचं. प्रत्यक्षात काय उतरतं? आजोळ, उन्हाळ्याची सुट्टी, आढीतले आंबे, आजीच्या मऊ लुगड्याचा वास आणि शेवटी ‘ते दिवस आता राहिले नाहीत’. ज्यांचं आजोळ डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत होतं त्यांच्याही कागदावर अंगण आणि तुळशीवृंदावन अवतरतं. यात कोणी खोटं बोलत नसतं. माणूस काही निवडायचं नाही असं ठरवून लिहायला बसला की जे सर्वांत सोयीचं, सर्वांत वापरलेलं असतं तेच आधी हाताला लागतं. बाहेरचं सगळं गाळून जे उरेल ते अस्सल, असं गृहीत धरलेलं असतं. उरतो तो पाठ्यपुस्तकातला धडा आणि दिवाळी अंकातला ललितलेख.

आता जात्याकडे वळू. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बाईने स्वतःविषयी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या गोष्टींचा एवढा मोठा साठा दुसऱ्या कुठे मिळणं अवघड. सासुरवास, भावाची वाट, मुलीची पाठवणी, नवऱ्याचा मार, एकटेपण, सगळं त्यात आहे. आणि यातलं घडीव किती आहे! मुलगा म्हणजे राघू, मुलगी म्हणजे मैना, आई म्हणजे बया. पहिली ओवी देवाला, पुढच्या माहेराला. ओळीचा पूर्वार्ध मावळात जो, तोच कुठेतरी मराठवाड्यात, उत्तरार्ध तेवढा वेगळा. समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एक जण वैरण घालते आणि ओळ उचलते, दुसरी ती ओळ पुरी करते. आता यातला अस्सल आवाज कुणाचा, पहिलीचा की दुसरीचा?

पूर्वपक्षाच्या मापाने या बायकांनी स्वतःचं काही सांगितलंच नाही, त्यांनी ठरलेले साचे गिरवले. ओव्या ऐकलेल्या कोणालाही हे पटणार नाही. मला तर वाटतं, साचा होता म्हणूनच सांगणं शक्य झालं. सासू पलीकडच्या खोलीत जागी असताना ‘मला इथे छळतात’ असं सरळ वाक्य कोण बोलणार? पण ओवी ही ओवी असते. ती आईकडून आलेली, साऱ्या गावाने गायलेली. कोणी विचारलंच तर ‘गाणं म्हणत होते’ एवढं उत्तर पुरतं. ओवीने त्या बाईला आडोसाही दिला आणि तोंडही दिलं. शिवाय जात्यावर बसलं की ओवी सुचते ही म्हण आहेच. आधी ओवी आत तयार असते आणि मग बाई जातं शोधत जाते, असं कोणी म्हटलेलं नाही.

संतांच्या गाथांमध्ये तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. नामदेवांच्या नावावर असलेले सगळे अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या त्या एका माणसाचे नाहीत, हे अभ्यासक जुन्या काळापासून सांगत आले. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा आहे, आणखीही नामे असावेत. ख्रिश्चन नोव्हेत्स्के यांनी दाखवल्याप्रमाणे कीर्तनकाराची बाडं आणि कीर्तनाचा रंग यांतून ‘नामा’ हे कर्तृत्व पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलं. वारीत टाळ धरलेल्या माणसाला यामुळे काही फरक पडत नाही. त्याला मुद्रेतला नामा पुरतो, आणि माझ्या मते त्याची समज संशोधकापेक्षा कमी नाही.

कोणी म्हणेल, ही समूहाची गाणी झाली, एका व्यक्तीने स्वतःचं चरित्र सांगितलेलं दाखवा. मग शिऊरच्या बहिणाबाईंचं दाखवतो. १६२८ साली त्यांचा देवगावला जन्म झाला, १७०० साली त्या गेल्या, म्हणजे रूसो जन्मायच्या बारा वर्षं आधी. त्यांच्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत लहानपणीच बिजवराशी झालेलं लग्न आहे, कोल्हापूरचा मुक्काम आहे, जयरामस्वामींच्या कीर्तनाला पाठोपाठ येणारं वासरू आहे, आणि नवऱ्याने केलेली मारहाणही आहे. ब्राह्मणाच्या बायकोने कुणबी तुकारामाला गुरू मानावं, यावरून घरात उठलेलं वादळ आहे. सतराव्या शतकातली एक बाई हे सगळं नाव घेऊन सांगते. आणि ज्या अभंगात सांगते तो तुकोबांकडून आलेला. त्यांचे अभंग कीर्तनात ऐकूनच तिला त्यांचा ध्यास लागला आणि मग स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाला. तुकोबांचा प्रभाव खरवडून काढा आणि बहिणाबाई शोधा, असं सांगितलं तर हातात काय येईल? तिच्या निवेदनात मागच्या बारा जन्मांचीही हकिगत आहे. आपल्या गोष्टीची सुरुवात कुठून धरायची, हे ज्या त्या परंपरेने ठरवलेलं असतं. बाळपणापासून सुरू करणं आपल्याला नैसर्गिक वाटतं, तिला तेराव्या जन्मापर्यंत पोचणं नैसर्गिक वाटलं.

इथे पूर्वपक्षाचा नेहमीचा आक्षेप येतो. सगळंच उसनं असेल, तर नक्कल कशाला म्हणायचं? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर खुद्द मर्ढेकरांच्या कवितेत मिळतं. ‘शिशिरागम’ (१९३९) मधले मर्ढेकर बालकवींच्या छायेत आहेत, हे कोणत्याही वाचकाला कळतं. ‘काही कविता’ (१९४७) मधले मर्ढेकर मात्र दुसऱ्या कोणाचेच नाहीत. मधल्या काळात त्यांनी छाया टाकून दिल्या का? उलट अधिक जुन्या आणि अधिक प्रबळ छाया ओढून घेतल्या. तुकारामांचा अभंग आणि रामदासांची ओवी घेऊन त्यांनी त्यांत युद्धकाळातली मुंबई, तिथली यंत्रं आणि कारकुनी जगणं कोंबलं. सांगाडा संतांचा, भरण गिरणगावाचं, आणि त्या दोहोंच्या घासाघाशीतून जो कर्कश, हळवा सूर निघाला तो मर्ढेकरांचा. आत्मनिष्ठेच्या आचार्यालाच स्वतःचा आवाज तीनशे वर्षांपूर्वीच्या छंदांत गवसला, यात विसंगती आहे असं मला वाटत नाही. त्यांची कविता त्यांच्या सिद्धान्तापेक्षा शहाणी होती, इतकंच.

गळ्याच्या बाबतीत हेच कुमार गंधर्वांनी दाखवलं. लहान वयात थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून ते गाजले. मग मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, आणि तिथे एका घराण्यापुरतं शिक्षण नव्हतं. पुढे क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला जाऊन राहावं लागलं, काही वर्षं गाणं बंद. या मौनात त्यांना आपला आवाज सापडला, अशी कथा भाविकपणे सांगितली जाते. ते मौन गाण्याचं होतं, कानांचं नव्हतं. देवासच्या त्या खाटेवर पडून ते माळव्यातल्या बायकांची गाणी, रस्त्याने जाणाऱ्या नाथपंथीयांची निर्गुणी भजनं ऐकत होते. उठले तेव्हा त्या लोकधुनांतून राग कसे जन्मतात, याचा विचार घेऊन उठले. ज्याने एकाचीच नक्कल केली तो नकलाकार राहतो. ज्याच्या कानात अनेक जण असतात त्याला निवड करावी लागते, आणि ती निवड ऐकणाऱ्याला लगेच कळते.

दलित आत्मकथनं हा पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा. इथे अनुभवच बोलतो, कलाकुसर नाही, असं अनेक समीक्षकांनी कौतुकाने लिहिलं. त्या कौतुकात नकळत हेटाळणीही होती: यांना लिहिता येत नाही, यांच्याकडे भोगलेलं मात्र आहे. आपलं दुःख आपण सांगायचा अधिकार आपला, दुसऱ्याने ते परस्पर सांगू नये, हा या चळवळीचा आग्रह पूर्णपणे योग्य होता. पण अधिकार अनुभवाने मिळतो, आवाज नाही. ‘बलुतं’ (१९७८) उघडून पाहा. पुस्तकाच्या सुरुवातीलाच दोन माणसं आहेत. एक दगडू मारुती पवार, दुसरा दया पवार. दगडू सांगतो, दया पवार ऐकतो. दोघं एकच, आणि हे वाचकालाही ठाऊक. ‘कोंडवाडा’ (१९७४) लिहून कवी म्हणून नाव मिळालेल्या, पांढरपेशा नोकरीतल्या लेखकाने महारवाड्यातल्या आणि मुंबईच्या कावाखान्यातल्या दगडूला समोर बसवलं. त्याच्याकडे तो कधी ममतेने बघतो, कधी शरमेने. ही युक्ती आहे, उघड उघड वाङ्मयीन युक्ती, आणि पुस्तकाचा सगळा खरेपणा तिच्यावर तोलून धरलेला आहे. एकसंध ‘मी’ लिहिला असता तर शिकून वर आलेल्या माणसाला मागच्याविषयी वाटणारा संकोच दिसलाच नसता. मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या आत्मकथनातला माणूस स्वतःशीसुद्धा एकटा बोलत नाही. त्याला एक ऐकणारा लागतो, आणि नसला तर तो निर्माण करावा लागतो.

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ या मताच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे हातचं न राखता सांगण्याच्या आग्रहाला, फार अडचणीत आणतं. फलटणला त्यांचं लहानसं दुकान होतं. पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचून त्यांचं वाचन झालं. लिहिलेलं त्या घरात कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवत, आणि असं अनेक वर्षं चाललं. फलटणमध्ये राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन बाहेर आलं, ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापलं गेलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. पुस्तकात काय आहे? आजोळचं वीरगाव, महारवाड्यातली उपासमार, बाळंतिणीच्या पोटातली आग, पोतराज, अंगात येणं, आषाढातली जत्रा, आणि मग बाबासाहेबांचा शब्द कानी पडल्यावर उठलेला समाज. ‘मी’ अगदी थोडा, ‘आम्ही’ भरपूर. लेखिकेच्या संसाराविषयी जवळपास काही नाही. २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, त्यातल्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी बोलल्या.

आजच्या वाचकाला मग वाटतं की खरी गोष्ट मुलाखतीत आहे, पुस्तकात ती दडपली गेली. मला हे वाचन उथळ वाटतं. भीती नव्हती असं मी म्हणत नाही. जी बाई कागद लपवते तिला भीती असणारच. पण भीती हे एकमेव कारण मानलं की बेबीताईंच्या हाती लेखिकेचं काहीच उरत नाही. पुस्तक लिहिताना त्यांच्यासमोर शिकलेली, नोकरीला लागलेली, मागचं विसरू पाहणारी त्यांच्याच समाजाची पुढची पिढी होती. तिला काय सांगायचं हे त्यांनी ठरवलं. नवऱ्याची गोष्ट त्या श्रोत्यांसाठी नव्हती. आणि महारवाड्यात पुरुष बायकांना कसं वागवत, सुनांचे हाल कसे होत, हे पुस्तकात सविस्तर आहे. म्हणजे त्यांनी विषय टाळला नाही, त्यात स्वतःला मधोमध बसवलं नाही. वीस-बावीस वर्षांनी समोर दुसरी श्रोती बसली, एक स्त्री, अनुवादक, अभ्यासक. वय झालेलं, काळ बदललेला. तिला दुसरी गोष्ट सांगितली. या दोन्हींतली कुठली अस्सल, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. काय सांगायचं, कोणाला, आणि काय गाठीला बांधून ठेवायचं, या निवडीतच बेबीताईंचा आवाज आहे.

राहिलं अभिनेत्री हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’. पूर्वपक्षाला हे पुस्तक आवडायला हवं, कारण हातचं राखलेलं त्यात फार थोडं आहे. दारू, पुरुष, स्टुडिओ, फसवणूक, स्वतःच्या चुका, सगळं थेट. १९७० साली ते पुस्तकरूपाने आलं, आणि त्यावर बेतलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ साली. पण ते हंसाबाईंनी लिहिलेलं नाही. त्या बोलल्या आणि तेव्हा तरुण पत्रकार असलेल्या अरुण साधू यांनी शब्दांकन केलं, ‘माणूस’ साप्ताहिकासाठी. नावसुद्धा अनंत माने यांच्या १९५९ सालच्या चित्रपटाचं, ज्यात हंसाबाईंची भूमिका होती. म्हणजे मराठीतल्या सर्वांत बेधडक स्त्री-आत्मकथनांपैकी एक दुसऱ्याच्या लेखणीने उतरलेलं आणि चित्रपटाच्या नावाने ओळखलं जाणारं. कुठे थांबायचं, कोणता प्रसंग आधी घ्यायचा, बोलण्यातलं कोणतं वाक्य तसंच ठेवायचं, यात साधूंचा हात नक्कीच आहे. तरी एकाही वाचकाला हा आवाज साधूंचा वाटत नाही. अस्सल आवाज आत असतो आणि बाहेरच्याचा स्पर्श झाला की विटाळतो, असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी या पुस्तकातलं हंसाबाईंचं किती आणि साधूंचं किती, हे वेगळं काढून दाखवावं. सिद्ध करण्याची जबाबदारी आता त्यांची.